अर्ध्या नावाचा गडवा

दुकान उघडलं की शकुनबाई आधी बाहेर टांगलेल्या पाण्याच्या पितळी गुंडाला बोटाची टिचकी मारायची. तो खणखणला की मग देवाला उदबत्ती.

गिऱ्हाईक बाई असली तर तिच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहायची. हातावरून भांड्याचं माप काढायची.

छिन्नी ओठांत धरून ठेवायची. अशा वेळी तिच्याशी भाव करण्यात अर्थ नसे. ती नुसतं ‘ऊं’ म्हणायची आणि त्या ‘ऊं’चा अर्थ नेहमी ‘नाही’ असायचा.

चहा बशीत ओतायची आणि विसरायची.

भांड्यावर नाव टाकताना आधी ठिपक्याठिपक्यांनी सगळी अक्षरं उमटवायची. डोक्यावरची रेघ शेवटी. रेघ मारली की नाव पक्कं. रेघ नसली तर काम अजून चालू आहे असं समजायचं.

आणि भोजराज नावाचा कोणी माणूस भांडं घेऊन आला तर ते भांडं नावं टाकणाऱ्या कारागिरासाठी बाजूला ठेवायची. ‘‘टिकाराम आला का टाकून देईन,’’ म्हणायची. का ते अड्याळच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. भोजराज तिचा नवरा. जे नाव तोंडानं घ्यायचं नाही, ते हातानं तरी कसं टाकायचं?

या सगळ्या सवयी तिला एकाच उन्हाळ्यात लागल्या. १९७९च्या. त्याआधी दुकानाशी तिचा संबंध एवढाच, की दुपारी सासऱ्यांचा डबा नेऊन द्यायचा आणि डोक्यावरचा पदर सावरत उलट पावली घरी यायचं.

सासरे परसरामजी. भंडाऱ्याहून पितळेची भांडी आणून अड्याळात विकायची, हा त्यांचा धंदा. लग्नसराईत दुकानात पाय ठेवायला जागा नसे. लेकीला आंदण म्हणून भांडी द्यायची आणि प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव असायलाच पाहिजे. नाव नसलेलं भांडं मांडवात मांडलं तर पाहुणे विचारत, उसनं आणलं का? नावं टाकायला टिकाराम होता. दुकानाच्या पायरीवर बसून तो दिवसभर टुकटुक करायचा.

त्या वर्षी सासूबाईंनी, गिरजाबाईंनी, बद्रीनाथाचं मनावर घेतलं. नागपूरहून यात्रेची गाडी निघणार होती. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला मुलगा बरोबर हवा, म्हणून भोजराजही जाणार. अडचण एकच. बद्रीनाथाची दारं वैशाखात उघडतात आणि लग्नंही वैशाखातच निघतात.

‘‘दुकान बंद ठेवू,’’ परसरामजी जेवता जेवता म्हणाले. ‘‘वापस आलो का हिरालालले सोपून देतो. आता माह्यानं होत नाही.’’

हिरालाल त्यांचा पुतण्या. भंडाऱ्यात राहायचा. त्याचा डोळा या दुकानावर होता आणि तो त्यानं कधी लपवलाही नव्हता. भोजराज जेवत होता. भांडी वाजली की त्याला ताटाची आठवण यायची, दुकानाची नाही.

शकुनबाई भात वाढत होती. तिचा हात थांबला.

‘‘मामाजी, मी बसतो न दुकानात.’’

परसरामजींचा घास तसाच राहिला. ‘‘तू?’’

‘‘हव. बायाच तं येतात भांडे घ्याले.’’

‘‘अन् नावं कोण टाकन?’’

‘‘टिकाराम आहे न.’’

‘‘बसू द्या न तिले,’’ गिरजाबाई म्हणाल्या. त्यांना सुनेपेक्षा बद्रीनाथाची काळजी होती. ‘‘नाही तं तुमी तिथं देवासमोर बी दुकानच आठवान.’’

परसरामजींनी बराच वेळ भात कालवला.

‘‘बस. पण एक ध्यानात ठेवजो. भाव चुकला तं चालते. नाव चुकलं तं दुकान गेलं. जमलं तं जमलं. नाही तं हिरालाल आहेच.’’

बसमध्ये चढताना भोजराज बायकोला म्हणाला, ‘‘घाबरू नको.’’ घाबरलेला तोच दिसत होता. त्याच्या हातात चिवड्याचा डबा होता.

दुसऱ्या दिवशी शकुनबाईनं दुकान उघडलं. गादीच्या मधोमध परसरामजींच्या बैठकीचा खड्डा पडला होता. त्यात बसायचं तिच्या जिवावर आलं. ती काठावर बसली. दुपारपर्यंत पाठ मोडून आली. मग तिनं गादी उचलली, उलटी केली आणि मधोमध बसली.

समोर मंदाबाईचं बांगड्यांचं दुकान. मंदाबाई विधवा, तोंडाची फटकळ आणि मनानं लोण्याची. तिनं तिथूनच आवाज दिला.

‘‘काय वो शेठाणी! आता आमाले वळख देशीन का नाही?’’

‘‘भांडं घेशीन तं देईन,’’ शकुनबाई म्हणाली.

पहिला आठवडा बरा गेला. मग टिकारामचा साळा बैलबंडीवरून पडला. साळ्याचा पाय मोडला, त्याच्या घरी कामाला कोणी नव्हतं. टिकाराम ‘चार दिवसात येतो’ म्हणून साकोलीकडे गेला आणि उन्हाळा सरेपर्यंत उगवला नाही. जाताना एक बरं केलं. छिन्नी आणि हातोडी दुकानात विसरून गेला.

एक फुटकी परात होती. शकुनबाईनं ती मांडीवर पालथी घेतली. चौथीपर्यंत शिकली होती. अक्षर गोल होतं. पण पाटीवरचं अक्षर वेगळं आणि पितळेवरचं वेगळं. हातोडी छिन्नीवर कमी आणि अंगठ्यावर जास्त बसत होती. आपलंच नाव तिनं त्या परातीवर किती वेळा टाकलं, मोजदाद नाही. शकुन, शकुन, शकुन. आधी मुंग्यांची रांग वाटावी तसं. मग हळूहळू वाचता येईल असं.

‘‘सुतार पक्षी पाळला का वो?’’ मंदाबाई ओरडायची. ‘‘माह्या बांगड्या आपोआप फुटून राहिल्या!’’

अंगठा सुजला. नाव जमलं.

आणि एक गोष्ट अशी जमली, की जी टिकारामला कधी जमली नव्हती. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. एकटी बाई भांडं घेऊन आली की टिकाराम विचारायचा, नाव सांगा. बाई गप्प. मग ती रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाला तरी बोलावून त्याच्या तोंडून नाव वदवायची, नाहीतर तशीच परत जायची. शकुनबाईपुढे त्यांना लाजायचं कारण नव्हतं. ती स्वतः त्यातलीच. बायका खुणा करायच्या आणि ती ओळखायची. एकीनं देवळाकडे बोट दाखवलं. ‘‘इश्वर?’’ बाई हसली. एकीनं नाकातली चमकी दाखवली आणि मग कुंकवाचा रंग. ‘‘हिरालाल!’’ हा पुतण्या नव्हे, दुसरा. एकीनं तर नुसतं पोट धरून हसून दाखवलं. शकुनबाईनं बरोबर सांगितलं, ‘‘आनंदराव.’’

बाजारात ही बातमी फिरली. गावोगावच्या बायका येऊ लागल्या. काही जणींना भांडं नकोच असायचं, नुसता खेळ हवा असायचा. खेळ झाला की लाजेकाजेनं एखादी वाटी घ्यायच्या.

मधून मधून भोजराजची कार्डं यायची. ‘मथुरेचे पेढे चांगले. तूप शुद्ध.’ पुढचं कार्ड, ‘हरिद्वारात पुरी आणि आलूची भाजी. दही वेगळे.’ त्यापुढचं, ‘थंडी फार. खिचडी बरी.’ आईबापाची खुशाली एका ओळीत आणि अगदी काठावर, पत्त्याला चिकटून, ‘दुकान कसे आहे?’

मंदाबाई कार्ड ऐकून म्हणायची, ‘‘हा यात्रेले गेला का पंगतीले?’’

अशात एक दिवस सुलोचनाबाई आली. माहेर अड्याळचं, दिली होती लाखांदूरच्या अलीकडच्या एका गावात, कापगत्यांच्या घरी. लेकीचं, शेवंताचं, लग्न ठरलं होतं. भांडी माहेरच्या गावातूनच न्यायची असा तिचा हट्ट. पाण्याचा गुंड, भाताचा गंज, पसरट कोपर, परात आणि तांब्याएवढा गडवा. पाचही तिनं वाजवून घेतली.

‘‘कोणाकडून टाकू?’’ शकुनबाईनं विचारलं.

‘‘तिच्या बाबाकडून.’’

‘‘बाबाचं नाव?’’

सुलोचनाबाईनं पदर तोंडाला लावला. ‘‘वळखा.’’

‘‘काही तं सांगा.’’

‘‘रातचं निघते. आभाळात.’’

‘‘चांद?’’

‘‘हव, चांद तं आहेच, पण—’’

तेवढ्यात लाखांदूरच्या गाडीनं हॉर्न दिला. सुलोचनाबाई पिशवी घेऊन धावली. ‘‘माहा भाऊ येईन न्याले!’’ एवढं धावता धावता म्हणाली. तिचं ‘पण’ धुळीत राहून गेलं.

चांद. चांदाचं काय? चंद्रकांत, चंद्रशेखर, चंद्रहास? शकुनबाईनं घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी तीच गाडी परत आली तेव्हा तिनं कंडक्टर सेवकरामला गाठलं. त्या रस्त्यावरचं प्रत्येक घर त्याला ठाऊक.

‘‘कापगत्यायच्यात चांदावाला कोण आहे हो?’’

‘‘चंद्रभान,’’ सेवकराम तिकिटं फाडता फाडता म्हणाला. ‘‘चंद्रभान कापगते. मोठा माणूस. तिथं उतरणारा जो तो त्याचंच घर इचारते.’’

झालं. शकुनबाईनं छिन्नी घेतली. पाचही भांड्यांवर एकसारखं टाकलं. ‘चि. सौ. कां. शेवंता हिस वडील चंद्रभान कापगते यांजकडून.’ एवढं लांब तिनं अजून कधी टाकलं नव्हतं. डोक्यावरची रेघ मारली. गुंडावरची रेघ तर इतकी सरळ आली की तिनं मंदाबाईला हाक मारून दाखवली. मंदाबाईनं वाचलं नाही. तिला वाचता येत नव्हतं. पण रेघ सरळ आहे हे तिनं मान्य केलं.

सुलोचनाबाईचा भाऊ आला. भांडी तणशीत गुंडाळून पोत्यात घातली, पोतं गाडीच्या टपावर चढवलं आणि गेला.

लग्नाच्या दिवशी सकाळी मंदाबाई सहज म्हणाली, ‘‘आज सुलोचनाच्या पोरीचं लग्न. लहानपणी आमी एकाच झाडाच्या बोरा खाल्ल्या. नशीब काढलं सुलोचनानं. ताराचंदासारखा नवरा भेटला.’’

‘‘कोण ताराचंद?’’

‘‘सुलोचनाचा नवरा वो.’’

‘‘तिचा नवरा चंद्रभान आहे.’’

‘‘येडी का? चंद्रभान तिचा भासरा. नवऱ्याचा मोठा भाऊ. अन् दोघा भावायचं बोलणं नाही. तळ्याच्या पाण्याच्या पाळीवरून भांडले. कुंपण एक अन् तोंडं दोन दिशेले. मोठा तं लग्नात बी येऊन नाही राहिला.’’

शकुनबाईच्या हातातली छिन्नी खाली पडली. तारा आणि चांद. दोन्ही रात्रीच निघतात.

‘‘मंदे,’’ ती म्हणाली, ‘‘पोरीचा बाप बदलून टाकला मी.’’

मंदाबाईला आधी काही समजलं नाही. समजलं तेव्हा ती हसता हसता बांगड्यांच्या टोपलीवर पडता पडता राहिली. मग तिनं शकुनबाईचं तोंड पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. भरल्या मांडवात, नवरदेवाच्या पाहुण्यांसमोर, लेकीचा बाप म्हणून वैरी झालेल्या भावाचं नाव. त्या घरावर काय वेळ येईल? आणि दुकानाचं काय? नाव चुकलं तर दुकान गेलं, असं सासरे सांगूनच गेले होते.

‘‘गप राह्य,’’ मंदाबाई म्हणाली. ‘‘मामाजीले कोण सांगते?’’

शकुनबाई उठली. छिन्नी-हातोडी पिशवीत टाकली. एक कोरा गुंड कडेवर घेतला, निदान तो तरी बदलून देता येईल म्हणून.

‘‘दुकान पाह्यजो.’’

‘‘मी? मले भाव कुठी येतात?’’

‘‘कोणी काही म्हणलं का ‘ऊं’ म्हणजो.’’

गाडीत सेवकराम होता. शकुनबाईनं त्याला तिकिटाआधी झापलं.

‘‘तुमी चंद्रभान सांगतलं मले!’’

‘‘बाई, तुमी चांद मांगतला, मी चांद देल्ला,’’ सेवकराम म्हणाला. ‘‘तारे मांगतले असते तं तारे देल्ले असते.’’ पण प्रकरण समजल्यावर त्यानं ड्रायव्हरला सांगून मधल्या दोन थांब्यांवर गाडी हळूसुद्धा होऊ दिली नाही. एक म्हातारा पुढच्या गावात उतरला आणि शिव्या देत मागे चालत गेला.

लग्न झाल्यापासून शकुनबाई एकटी कुठे गेली नव्हती. खिडकीतून कापलेली धानाची शेतं मागे पळत होती. तळी आटून मधोमध बशीएवढी झाली होती. घरची माणसं बद्रीनाथाला गेली आणि आपली यात्रा ही अशी, असं तिच्या मनात आलं. देवापुढे काय बोलायचं हे त्यांना ठाऊक असेल. आपण काय बोलायचं?

मांडव दुरून दिसला. जांभळीचे हिरवे डहाळे, बाहेर बॅन्डवाले. भांडी एका चौरंगावर मांडलेली, ऊन पडून झगमगत होती. त्यांच्याभोवती माणसं होती आणि कोणी बोलत नव्हतं. त्यावरूनच शकुनबाईला समजलं. वाचून झालं होतं.

‘‘आमी तं ताराचंदच्या पोरीले मागणी घातली होती,’’ नवरदेवाकडचा एक चष्मेवाला पाहुणा म्हणत होता. ‘‘हा चंद्रभान कोण निघाला मधातच?’’

मागे कोणीतरी फिसकन हसलं. ताराचंद मांडवाच्या खांबासारखा उभा होता. सुलोचनाबाईनं शकुनबाईला पाहिलं.

‘‘काय केलं वो बाई हे?’’

‘‘चूक माही आहे,’’ शकुनबाई मोठ्यानं म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला तेव्हाच समजलं. ‘‘यायनं नाव नाही घेतलं. मी वळखलं अन् चुकीचं वळखलं. भांडे मी बदलून देतो. तुमी यायले काही म्हणू नका.’’

पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे कुंपणाकडे पाहत होते. गावात अशी बातमी पोचायला पाय लागत नाहीत. शेजारच्या अंगणातून चंद्रभान येत होता. त्या कुंपणातून गेली कित्येक वर्षं फक्त कोंबड्या ये-जा करत होत्या. त्यानं काठीनं काटे बाजूला केले आणि सरळ मांडवात आला.

‘‘कोण माह्या नावाची थट्टा करून राहिला?’’

त्यानं गुंड उचलला. हात लांब करून पाहिला, जवळ आणून पाहिला. मग चष्मेवाल्या पाहुण्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. ‘‘द्या बापा जराशीक.’’

‘‘शेवंता हिस,’’ तो बोट फिरवत वाचू लागला. ‘‘वडील... चंद्रभान... कापगते.’’

पुन्हा वाचलं. मग गुंड फिरवला, जणू मागच्या बाजूला काही वेगळं लिहिलं असेल.

‘‘हे कोणी टाकलं?’’

‘‘मी,’’ शकुनबाई म्हणाली. ‘‘पण ते—’’

‘‘बरोबर टाकलं.’’

शकुनबाईनं ‘वडील’ लिहिलं होतं ते बाप म्हणून. चंद्रभाननं वाचलं ते घरातला वडीलधारा म्हणून. शब्द तोच.

‘‘ह्या घरचा वडील कोण आहे?’’ त्यानं भावाकडे न पाहताच विचारलं. ‘‘बोल न गा, तारू.’’

तारू या नावानं ताराचंदला हाक मारणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्यानं मान वर केली.

‘‘तुमीच, दादा.’’

‘‘मंग?’’ चंद्रभान पाहुण्यांकडे वळला. ‘‘आमच्या घरी आंदण वडलाच्या नावानं देतात. तुमच्याकडं नाही देत का?’’ पाहुणा बिचारा चष्म्यावाचून डोळे मिचकावत होता. त्यानं घाईनं मान हलवली. ‘‘अन् हा गधा पाहा. मले न इचारता माह्या नावानं आंदण देऊन राहिला!’’

आधी चंद्रभानच हसला. मग ताराचंद, पण त्याच्या हसण्यात दुसरंच काहीतरी होतं आणि तो पटकन मांडवाच्या मागे गेला. मग सगळा मांडव हसला.

‘‘पण बाई,’’ चंद्रभान शकुनबाईला म्हणाला, ‘‘माहं एकट्याचं नाव बरं नाही दिसत. खाली त्याचं बी टाका.’’

शकुनबाईच्या जिवात जीव आला आणि त्याबरोबर तिचा खोडकरपणाही परत आला. ती चौरंगापाशी मांडी घालून बसली, छिन्नी काढली आणि सुलोचनाबाईकडे पाहिलं.

‘‘बोला. कोणतं नाव टाकू?’’

सगळ्या बायका ओरडल्या, ‘‘घे वो, घे नाव!’’ सुलोचनाबाई हसता हसता लाल झाली. तिनं पदराआडून हात काढला. आधी बोटं मिटून उघडून तारा लुकलुकवून दाखवला. मग दोन्ही हातांनी मोठा गोल चांद केला.

‘‘आता समजलं,’’ शकुनबाई म्हणाली.

टुक, टुक, टुक. बॅन्डमधला ढोलवाला कान देऊन ऐकत होता. त्यानं हळूच तीच लय धरली. बाकीचे त्याला मिळाले. पाच भांड्यांवर ‘व ताराचंद’ पडेपर्यंत वाजंत्री थांबली नाही. गडव्यावर जागा उरली नव्हती. तिथे ताराचंद गळ्याखालून वळून पार पाठीमागे गेला. चंद्रभाननं तेवढ्यात घरी जाऊन वासरासकट एक गाय आणली. ‘‘आंदणावर नाव पडलं, मंग काही तं द्याच लागते.’’ गाय त्याच कुंपणातून आणली. दुसऱ्या दिवशी कुंपणाचा तेवढा भाग जळणात गेला.

शकुनबाईला त्यांनी जेवल्याशिवाय, मुक्काम केल्याशिवाय सोडलं नाही. सकाळी ती बुंदीची पुडी आणि कोरा गुंड घेऊन परतली. मंदाबाई दुकानाच्या दारातच उभी होती.

‘‘तुह्या ‘ऊं’नं दोन गिऱ्हाइकं पळाले,’’ ती म्हणाली. ‘‘अन् चौघायनं मुकाट सांगतल्या भावात घेतलं. आता मी बांगड्या बी ‘ऊं’वरच इकतो.’’

यात्रेकरू ज्येष्ठात परतले. भंडाऱ्याला गाडीत बसले तर कंडक्टर सेवकराम. अड्याळ येईपर्यंत परसरामजींना सगळी हकीकत समजली. तिच्यात मुख्य काम सेवकरामनं केलेलं होतं. हिरालालही बरोबर आला होता, नवं धोतर नेसून.

परसरामजी घरी न जाता आधी दुकानात आले. शकुनबाई उठून उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला.

‘‘नाव चुकलं म्हणते?’’

‘‘हव, मामाजी. चुकलं.’’

‘‘मंग?’’

‘‘गेलतो मी तिथं. दुरुस्त करून आलो.’’

हिरालाल हसला. ‘‘काका, मी असतो तं गेलो नसतो. इकलेल्या मालाच्या मांगं कोण धावते?’’

परसरामजींनी त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कोपऱ्यातली फुटकी परात त्यांच्या नजरेला पडली. तिच्यावर शकुन, शकुन, शकुन. त्यांनी त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. गादीकडे पाहिलं, ती उलटी घातलेली होती. ते गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर जाऊन बसले.

‘‘एक गडवा दाखव बरं,’’ ते सुनेला म्हणाले.

शकुनबाईनं त्यांच्या हाताकडे पाहिलं.

‘‘मोठा का मधला?’’

‘‘तूच सांग. गादीवर तू आहेस.’’

हिरालालला चहा पाजला आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिला.

भोजराज यात्रेत चांगलाच सुटला होता. त्यानं पिशवी उघडली आणि बायकोसाठी आणलेली वस्तू मोठ्या कौतुकानं बाहेर काढली. हरिद्वारचा पितळेचा गडवा.

‘‘दुकानात कमी पडले होते का?’’ शकुनबाई म्हणाली.

‘‘गंगेकाठचा आहे.’’

‘‘मंदे! पाह्य वो! पितळवाल्याच्या घरचा माणूस हरिद्वारहून पितळ घेऊन आला!’’

मंदाबाई बांगड्या तशाच टाकून आली. चहावाला आला, पानवाला आला. भोजराज हसत होता. त्याला कशाचंच वाईट वाटत नसे.

‘‘यावर माहं नाव टाकून दे,’’ तो म्हणाला.

‘‘टिकाराम आला का टाकून देईन.’’

‘‘साऱ्या मुलखाचे नावं टाकून राहिली अन् घरचंच राहिलं?’’

‘‘टाक वो शकुन!’’ मंदाबाई म्हणाली. ‘‘आज पाहूच. वळखता नसन येत तं मी खूण देतो. जेवते लय!’’

बाकावर परसरामजी दुसरीकडे पाहत होते. पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

शकुनबाईनं गडवा मांडीत घेतला. छिन्नी टेकवली. टुक, टुक. ‘भो’ झाला. कोणीतरी शीळ घातली. टुक, टुक. ‘ज’ झाला. मग ती थांबली. गडवा दूर धरून पाहिला आणि छिन्नी ओठांत धरली.

‘‘अन् बाकीचं?’’ भोजराजनं विचारलं.

‘‘ऊं.’’

‘‘अर्धंच नाव?’’

तिनं छिन्नी काढली.

‘‘तुमाले भोज पुरे,’’ ती म्हणाली. ‘‘राज मी ठेवून घेतलं.’’

मंदाबाई पायरीवर मटकन बसली आणि टाळ्या पिटू लागली. ‘‘घेतलं वो! हिनं नाव घेतलं! अख्खं घेतलं!’’ शकुनबाईच्या तेव्हा ध्यानात आलं. दोन तुकड्यांत का होईना, सगळं नाव तोंडातून गेलं होतं. तिनं जीभ चावली, पदर ओढला आणि गंजांच्या उतरंडीमागे जाऊन बसली. भोजराज त्या दिवशी बाजारात भेटेल त्याला गडवा दाखवत फिरला.

पुढे स्टील आलं. पितळेची भांडी फळीच्या वरच्या रांगेत गेली. विजेवर नावं टाकायचं यंत्र आलं. ते शकुनबाईनं घेतलं आणि टिकारामला दिलं. आपली छिन्नी सोडली नाही. परसरामजी अखेरपर्यंत बाकावर बसून गिऱ्हाइकांना सांगत, भाव सुनेला विचारा.

हरिद्वारचा गडवा घरात आहे. भोजराज त्यातूनच पाणी पितो. दर दिवाळीला शकुनबाई तो चिंचेनं घासते, उन्हात ठेवते, आणि दर दिवाळीला भोजराज विचारतो, बाकीचं नाव कधी टाकशील?

‘‘टाकतो न,’’ ती म्हणते. ‘‘अजून रेघ कुठी मारली?’’